धुराड्याला आवतण

१

मुरुमच्या पेठेत महांतप्पाचं फोटोचं दुकान होतं आणि तिथं हसल्याशिवाय कुणाचाच फोटो निघत नसे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काठी गिळल्यासारखं ताठ व्हायचं. मग महांतप्पा काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढायचा आणि विचारायचा, "काय पाव्हणं, फोटो काढायला आलाव का फौजेत भरती व्हायला?" माणूस हसायचं, तेवढ्यात काम झालेलं असायचं. रुमी टोपी घातलेले कडक अंमलदारसुद्धा त्याच्या काचेवर लेकरासारखे उतरले होते.

त्या साली दुसरी मोठी लढाई संपली होती. गावाबाहेरचं जीन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, त्याच्याही आधी बंद पडलं होतं. बॉयलर भंगारात गेला, यंत्रं गेली, पत्रे गेले. राहिलं ते विटांचं उंच धुराडं. एकेकाळी त्याच्या शेजारचा भोंगा दुपारी जेवणाच्या सुट्टीला वाजायचा आणि सगळ्या गावाला भूक लागायची. भोंगा झाला की महांतप्पाची बायको नीलम्मा तव्यावरची शेवटची भाकरी उलटायची. आता भूक ज्याच्या त्याच्या मर्जीनं लागत होती, आणि महांतप्पाला तर ती दिवसभर लागलेली असे.

जिनाचा मालक सोलापूरला जाऊन राहिला होता. त्यानं धुराड्याच्या विटा विकायला काढल्या आणि महांतप्पाला काम दिलं. दर सोमवारी एकाच जागेवरून धुराड्याचा फोटो काढून पाठवायचा, म्हणजे काम किती उतरलं ते त्याला तिकडं बसून कळेल. "धुराडं उतरलं की जिनाचं मोकळं अंगण तुझ्या लेकीच्या लग्नाला घे," असंही तो म्हणाला.

महांतप्पाला आणखी काय पाहिजे होतं! महादेवी त्याची एकुलती एक. तिची एक सोयरीक मांजर आडवं गेलं म्हणून मोडली होती. आता नळदुर्गचं स्थळ ठरलं होतं, मुलगा महादेवीच्या मनात भरला होता, आणि अख्ख्या गावाची पंगत बसेल असं अंगण चालून आलं होतं. व्याही मात्र शकुन-अपशकुनाचे फार होते. पाल चुकचुकली तरी तासभर घराबाहेर पडत नसत.

२

महांतप्पानं आपल्या माळवदावर कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे तीन पाय टेकतील तिथं चुन्याच्या तीन खुणा केल्या. सोमवारी सकाळी लिंगपूजा झाली की तो वर चढायचा, फोटो घ्यायचा आणि खालच्या अंधाऱ्या खोलीत लाल कंदील लावून काच धुवायचा.

पहिली काच स्वच्छ निघाली. दुसरीवर धुराड्याच्या तोंडाशी एक डाग होता. काचेवर सगळंच उलटं उतरतं, आकाश काळं आणि काळं ते पांढरं. हा डाग पांढरट होता, म्हणजे कागदावर तो काळा येणार. अंगठा लागला असेल, असं म्हणून महांतप्पानं कुंचल्यानं त्यावर शाई भरली, आकाश सारखं केलं आणि फोटो सोलापूरला धाडून दिला.

पुढच्या सोमवारी डाग लांब झाला होता. वर जाऊन तो वळत होता, फुटत होता आणि उगवतीकडं कलला होता. महांतप्पानं काच कंदिलाजवळ धरली. त्याच काचेच्या कोपऱ्यात मठाचा झेंडा होता. वारा पडल्यामुळं तो काठीला चिकटून लोंबत होता.

धूर, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हसू फुटलं. बॉयलरच नाही तिथं धूर कसला? काचांची पेटी ओलसर असेल. त्यानं नवी पेटी आणवली. कॅमेऱ्याच्या भात्याला चीर असेल म्हणून नीलम्माच्या जुन्या काळ्या चोळीचं ठिगळ लावलं. कॅमेरा उलटा फिरवून पेठेचा फोटो घेतला, तो आरशासारखा लख्ख आला. परत धुराड्याकडं वळवला की डाग हजर.

तोवर बब्रुवान गवंड्याच्या माणसांनी धुराडं निम्म्यावर आणलं होतं. आणि त्या सोमवारची काच महांतप्पानं पुन्हा पुन्हा कंदिलाजवळ नेऊन पाहिली. धूर खाली सरकलाच नव्हता. धुराडं जिथवर पूर्वी उंच होतं, नेमका तिथूनच तो निघत होता. खाली विटांचं थुटूक, मध्ये मोकळं आकाश आणि वर, कशावरही न टेकलेला, दाट धूर.

बाहेर महादेवी आणि तिच्या मैत्रिणी शेवया वळत गाणी म्हणत होत्या. ती गाणी ऐकत महांतप्पानं शाईची बाटली उघडली.

३

बब्रुवान हा गडी मोठा हौशी. तो विटा उचकटता उचकटता वरूनच रस्त्यानं जाणाऱ्यांची चौकशी करायचा. नीलम्माची शेंगांची चटणी त्याला भारी आवडायची, त्यामुळं दुपारी तिची डबी घेऊन महांतप्पाच जायचा.

"अण्णा, एक गंमत सांगू का?" एकदा चटणीत भाकरी बुडवत बब्रुवान म्हणाला. "वरच्या विटा गार लागत हुत्या. आता जसं खाली चाललाव तशा कोमट लागायल्यात."

"उनानं तापल्या असतील."

"धुराड्याच्या आतून ऊन कुठनं येतंय?" बब्रुवान हसला. "आमाला काय, थंडीचे दिवस हायत. पोरं सकाळी हात शेकून घेत्यात अन् कामाला लागत्यात."

महांतप्पानं एक वीट हातात घेतली. चुलीवरून नुकतंच उतरवलेलं भांडं धरावं तशी ती होती. त्यानं ती गुपचूप खाली ठेवली आणि भलत्याच विषयावर बोलत राहिला. बब्रुवानला सांगावं तर माणसं काम सोडून पळतील, धुराडं राहील, अंगण जाईल. गावाला सांगावं तर तीच बातमी नळदुर्गला पोचायला बैलगाडीसुद्धा लागणार नाही. आधीची सोयरीक नुसत्या मांजरानं मोडली होती, इथं तर जळत नसलेल्या भट्टीचा धूर होता. लेकीचं लग्न होईपर्यंत तोंडाला कुलूप, असं त्यानं ठरवलं. पोटात गोष्ट न राहणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

४

लग्न जवळ आलं तसा महांतप्पाला धुराचा विसरच पडला. घरात हळद दळली जात होती, अंगणात मांडवाच्या मेढी पडल्या होत्या आणि नीलम्मा एकाच वेळी चार जणींना चार कामं सांगत होती.

गावाला चूलबंद आवतण द्यायचं होतं. चूलबंद म्हणजे घरातल्या एकट्यादुकट्याला नव्हे, साऱ्या चुलीला बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी पंगतीला यायचं. पुढं हलगी, मागं महांतप्पा, हातात कुंकवाची वाटी. दारात गेलं की आवतण द्यायचं आणि चौकटीवर कुंकवाचं एक बोट ओढायचं. घरात कुणी नसलं तरी संध्याकाळी रानातून परत आल्यावर ते बोट दिसतं आणि आवतण पोचतं.

महांतप्पा त्या दिवशी नवरदेवापेक्षा जास्त नटला होता. प्रत्येक दारात त्याचा आवाज चढत गेला. "ज्या चुलीचा धूर गावाच्या वर दिसतोय, त्या चुलीला माझ्या महादेवीच्या लग्नाचं चूलबंद आवतण हाय हो! एक माणूस मागं ठिवू नगा!"

शेवटी मिरवणूक जिनाच्या अंगणात आली. बब्रुवानची माणसं तिथंच पालं ठोकून राहत होती. ती सगळी विटांच्या गाड्या घेऊन गेली होती आणि पालाला कुठली आली चौकट? धुराड्याचं कमरेएवढं बूड तेवढं उरलं होतं. महांतप्पानं तिथंच उभं राहून तेच आवतण खणखणीत दिलं, बुडाच्या विटांवर कुंकवाचं लांब बोट ओढलं आणि हलगीच्या ठेक्यावर दोन पावलं नाचलासुद्धा.

विटा कोमट होत्या. बोट उचलल्यावर त्याला ते जाणवलं, पण तोवर हलगीवाला फाटकाबाहेर गेला होता.

५

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. महांतप्पा काच वाळत ठेवून न्हाव्याकडं गेला आणि नीलम्मा हळदीचं ताट शोधत अंधाऱ्या खोलीत शिरली. तो परतला तेव्हा ती काच उन्हाला धरून उभी होती.

"अवं, ह्यो धूर कुणाच्या चुलीचा?"

महांतप्पानं आधी डागाची, मग भात्याची, मग काचांच्या पेटीची गोष्ट सांगितली. नीलम्मा ऐकत राहिली. तिला त्याच्या गोष्टी ऐकायची सवय होती आणि त्यातली खरी कोणती हेही कळायचं. शेवटी त्यानं खरं तेही सांगून टाकलं. सांगून झाल्यावर त्याला इतकं मोकळं वाटलं की तो रडायच्या बेताला आला.

"आन् काल तुमी काय म्हनालाव?" तिनं विचारलं. "ज्या चुलीचा धूर वर दिसतोय..."

हे महांतप्पाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"म्या जातो अन् कुंकू पुसून येतो," तो म्हणाला.

"पुसतेत व्हय? दिलेलं आवतण मागं घेतल्यावर कोन गप बसंल? तुमी बसाल?" नीलम्मानं काच हलकेच खाली ठेवली. तिचा आवाज नेहमीसारखाच कामाचा होता. "पत्रावळी किती सांगितल्याव?"

"का?"

"आनखी सांगा. जेवायला बोलावलंय, तर पोटभर जेवून जाऊ द्या. माझ्या लेकीच्या लग्नातून कुनी उपाशी गेलं, असं नगं व्हायला."

"नीलम्मा, कोन येतील गं?"

"ते म्या काय सांगू? आवतण तुमी दिलंय."

६

लग्नाच्या सकाळी महांतप्पा जरीचा फेटा बांधून माळवदावर चढला आणि त्यानं रिकाम्या आकाशाचा फोटो घेतला. बूडसुद्धा बब्रुवाननं आदल्या दिवशी काढलं होतं. व्याह्यांच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता तेव्हा तो आत काच धुवत होता. काच हळूहळू काळी होत गेली. तो वाट पाहत राहिला. कुठंही डाग नव्हता, आकाश पहिल्या दिवसासारखं स्वच्छ होतं.

क्षणभर त्याला आनंद झाला. मग त्याला आठवलं की आज गावात एकही चूल पेटलेली नाही. त्या धुराच्या माणसांनीही आपली बंद ठेवली होती. ते येणार होते.

लग्न मात्र असं झालं की मुरुमनं नाव काढावं. मठाच्या स्वामींनी मंत्र म्हटले, अक्षता पडल्या, मांजरं कुठल्या कुठं होती आणि व्याही बुंदीच्या ताटावरून हलायला तयार नव्हते. महादेवी मान खाली घालून हसत होती. तिला पाहताना महांतप्पाला सारखं वाटत होतं की आता, या घटकेला काहीतरी होईल. हे अंगण तिच्यासाठी मीच घेतलं आणि आवतणही मीच देऊन बसलो, या विचारानं तो सारखा उठून फाटकाकडं बघून येत होता.

गाव जेवून उठलं. नीलम्मानं धुराड्याच्या जागेभोवती स्वतः सडा टाकला आणि एक शेवटची पंगत मांडली. "घरच्यांची हाय," असं तिनं विचारणाऱ्यांना सांगितलं. प्रत्येक पत्रावळीवर गरम हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, तिच्यावर तुपाची धार, भात, वांग्याची भाजी, कडेला मीठ. मग ती पदर सावरून मागं सरली आणि महांतप्पाला म्हणाली, "जेवनाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये. फिरा तिकडं."

दोघं पाठ करून उभी राहिली. पंगतीची सुरुवात करायची म्हणून महांतप्पानं "हर हर..." म्हटलं.

"महादेव!"

मागून आवाज आला. एक नव्हे, जिनातली पाळी सुटल्यावर फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसांइतके. त्यानंतर धोतरं सावरून मांडी घालून बसताना होते तशी सळसळ झाली. मग काही वेळ नुसता जेवणाचा आवाज. मांडवातून सनई ऐकू येत होती, लहान पोरं बुंदीवरून भांडत होती आणि भर दुपारच्या उन्हात महांतप्पाच्या मानेवरचा प्रत्येक केस उभा होता. नीलम्मानं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी एक लांबलचक, तृप्त ढेकर दिली.

महांतप्पाला हसू आवरेना. भीती वाटत असूनही तो हसत होता. नीलम्माही पदर तोंडाला लावून गदगदत होती. एकमेकांना हसताना पाहिल्यावरच दोघं भानावर आली.

ती वळली तेव्हा पत्रावळी स्वच्छ होत्या. मीठ तेवढं कडेला उरलं होतं. द्रोणांवर काळी बोटं उठली होती आणि एका पत्रावळीला कापसाचा पुंजका चिकटला होता. महांतप्पा जरा आधी वळला होता. त्याला फाटकातून जाणाऱ्या शेवटच्याची पाठ दिसली. ती माणसाची पाठ होती, एवढंच तो नीलम्माला सांगू शकला. तिच्यातून फाटकाचे गज दिसत होते, हे त्यानं स्वतःशीच ठेवलं.

७

महादेवीची पाठवणी त्याच संध्याकाळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम्मा दारात पाणी शिंपायला गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली.

चौकटीवर एक काळं बोट ओढलेलं होतं. महांतप्पानं हात लावला. काजळी होती, ताजी आणि तेलकट.

"आवतण," तो म्हणाला.

"जेवून गेलेला मानूस परत बोलावनारच की," नीलम्मा म्हणाली. "चौकटीला लावलंय. म्हंजे सगळ्या चुलीला."

महांतप्पा नळदुर्गच्या रस्त्याकडं वळला. "महादेवी!"

नीलम्मा एकदम हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "ती काल सांजच्यालाच गेली की वो! तिची चूल आता नळदुर्गला. ह्या चुलीचे आपुन दोघंच."

महांतप्पा उंबऱ्यावरच बसला. कालपासून अडकलेला श्वास आत्ता कुठं सुटला. आता काही का होईना, पोरगी सुटली होती. त्यानं नीलम्माला चहा टाकायला सांगितलं आणि कालची उरलेली बुंदी ओंजळभर खाल्ली.

"कधी जायचं ते मातर सांगितलं न्हाय," तो तोंडात घास घेऊन म्हणाला.

८

धुराडं गेलं, पण महांतप्पाचा सोमवार चुकला नाही. आता तो तिकाटणं खांद्यावर टाकून जिनाच्या मोकळ्या अंगणात जायचा. जिथं धुराडं होतं तिथं त्यानं चुन्याच्या तीन खुणा केल्या होत्या. तिथून तो आपल्याच घराचा फोटो घ्यायचा. घरी नीलम्मा त्या वेळी मुद्दाम ओलसर लाकूड सारायची, म्हणजे धूर दाट व्हावा. काच धुवून तो बाहेर आला की ती चुलीपासूनच विचारायची, "आला का धूर?"

"आला, आला!" महांतप्पा ओरडायचा आणि मग दोघं पोट धरून हसायची. काचेवर धूर उमटला म्हणजे आवतणाचा दिवस अजून आला नाही, तो आठवडा त्यांचा असायचा. त्या आठवड्यात ती मनाला येईल ते खात, जत्रेला जात, भांडत आणि लगेच गोड होत. गाव म्हणायचं, म्हातारपणी या दोघांना नवं लग्न झाल्यासारखं काय झालंय?

निजामाचं राज्य गेलं, त्याचा हाली शिक्क्याचा रुपया बंद झाला, महादेवीला लेकरं झाली. ती माहेरी आली की तिला एकाच गोष्टीचा राग येई. अव्वा, म्हणजे आई, तिला चुलीला हात लावू देत नसे. "पाव्हण्यांनी चुलीजवळ जाऊ नये," असं म्हणून नीलम्मा तिला ओसरीवर बसवून वाढायची. "मी काय परकी हाय?" म्हणून महादेवी फुगून बसायची. "व्हय बाई, परकी हायस," असं म्हणताना नीलम्माचा चेहरा आनंदानं फुललेला असायचा, आणि लेकीला ते कधीच कळलं नाही.

एका हिवाळ्यातल्या सोमवारी, महादेवी दोनच दिवसांपूर्वी लेकरांना घेऊन सासरी गेलेली असताना, महांतप्पा ओली काच हातात धरून अंधाऱ्या खोलीतून बाहेर आला. स्वयंपाकघर धुरानं भरलं होतं. नीलम्मा फुंकणी घेऊन चुलीपुढं बसली होती आणि धुरानं तिचे डोळे लाल झाले होते. तव्यावर भाकरी होती.

"आला का धूर?" तिनं खोकत विचारलं.

महांतप्पानं काच उजेडाला धरली. घर होतं, माळवद होतं, दारातली तुळस होती. माळवदावरचं आकाश काळंभोर, स्वच्छ होतं.

नीलम्मानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि फुंकणी खाली ठेवली. अर्धवट भाजलेली भाकरी तिनं तव्यावरून काढली, जळती लाकडं ओढून त्यांच्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं. चूल चरचरली आणि गप्प झाली. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, ट्रंक उघडली आणि महादेवीच्या लग्नात नेसलेलं इरकल लुगडं बाहेर काढलं.

"तुमीबी फेटा बांधा," ती म्हणाली. "आन् त्या डब्यातल्या बुंदीला हात लावू नगा आता. जेवायला जाताना पोट भरून जाऊ नये."

महांतप्पानं डब्यावरचा हात हळूच मागं घेतला. एवढ्यात, कित्येक वर्षांनी, गावाबाहेरच्या मोकळ्या अंगणातून जेवणाच्या सुट्टीचा भोंगा वाजला.

"अगबाई," नीलम्मा लगबगीनं निऱ्या घालत म्हणाली, "वाट बघायलेत की!"